झाकण नसलेली टोपली

मी एक जुनी वेताची टोपली आहे. खरं तर हे मान वर करून सांगायला हवं, कारण माझी वीण अजून एका ठिकाणीही उसवलेली नाही. पण मित्रांनो, आज माझी मान खाली आहे. जे सांगणार आहे ते कुणाला सांगू नये असंच वाटतं. तरी सांगते. झाकून ठेवण्याचं काम मी पुष्कळ केलं. आता पुरे.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मला विणणारी बाई वेत पाण्यात भिजत घालायची, मऊ झाला की गुडघ्यावर वाकवायची आणि सारा वेळ कुणाशी तरी भांडत असायची. बहुतेक वेळा वेताशीच. "वाक की मेल्या, मोडतोस कशाला!" तिच्याकडे काम शिकायला आलेल्या मुलीने एकदा विचारलं, "मावशी, हिला झाकण नाही करायचं?"

"टोपलीला झाकण कशाला? आत काय आहे ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलं पाहिजे. झाकायचंच असेल तर माणसानं पेटी घ्यावी."

तेव्हा मला ते बोलणं साधं वाटलं. पुढे ते मला फार टोचलं.

एका नव्या जोडप्याने मला घरी नेलं. घर लहान होतं, पण आनंदाने भरलेलं. काही दिवसांनी त्यांना मुलगी झाली आणि तिची इवलीशी झबली माझ्यात राहू लागली. ती मुलगी एके जागी बसेना, म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणू लागले. भिंगरी मोठी झाली तशी झबली गेली. मग तिच्या आईने मला सजावटीला घेतलं. वाळलेल्या फांद्या, कागदी फुलं आणि मध्ये दिव्यांची छोटी माळ, असा माझा थाट असायचा. सुट्ट्यांमध्ये येणारे लोक आधी माझ्याकडे बघायचे आणि मग यजमानांकडे. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

पण घरात कामं वाढली. आई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत जाते. तिथे ती रोज शेकडो नळ्यांवर चिठ्ठ्या लावते आणि आजवर एक चिठ्ठी इकडची तिकडे झालेली नाही. बाबा छापखान्यात पाळीने जातात. आजी गेल्यावर आजोबाही इथेच राहायला आले. चार माणसांच्या वस्तू दोन खोल्यांत मावेनात. ज्या आईच्या हातून नळी चुकत नाही, तिला घरात स्वतःची चप्पल सापडेना.

मग तिने एक युक्ती काढली. पाहुणे यायला दहा मिनिटं उरली की ती माझ्यातल्या फांद्या काढायची, मला लेकरासारखं कडेवर घ्यायची आणि घरभर धावायची. खेळणी, बिलं, मोजे, औषधाच्या पट्ट्या, वह्या, जे दिसेल ते माझ्यात पडायचं. मग वर एक जुनी चादर टाकायची आणि मला हॉलमधल्या दिवाणाखाली ढकलायची. भिंगरीने त्याला नावही दिलं होतं, टोपलीफेरी.

पाहुणे आत येऊन म्हणायचे, "नोकरी सांभाळून किती नीटनेटकं ठेवतेस गं घर!" आई हसून म्हणायची, "कसलं काय, जमेल तसं." आणि मी दिवाणाखाली फुगायची. मित्रांनो, ते कौतुक अर्धं माझं आहे असंच मला वाटायचं. पोटात तीन मोजे, एक तुटका कंगवा आणि भिंगरीचं अर्धवट खाल्लेलं बिस्किट घेऊन मी स्वतःला घराची अब्रू राखणारी समजत होते.

आता आजोबांविषयी सांगते. त्यांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. घड्याळ कानाशी धरून ते म्हणायचे, "याचा श्वास अडकतोय." पण त्यांचा तोच कान अलीकडे पार गेला, दुसरा तर आधीच गेला होता. त्यांना कानाचं यंत्र मिळालं. ते यंत्र ते एका जुन्या पत्र्याच्या डबीत ठेवायचे. पूर्वी तिच्यात घड्याळाचे बारीक स्क्रू असत. रंग उडालेली, कोपरा चेपलेली ती डबी ज्याला ठाऊक नाही त्याला निव्वळ भंगार वाटावी.

ती डबी हरवायची. एका आठवड्यात दोनदा हरवली, तेव्हा कामावर निघालेली आई वैतागून म्हणाली, "आप्पा, तुमच्या वस्तूंच्या मागे फिरायला आता एक माणूसच ठेवायला हवं!" आजोबा खिशातला रुमाल काढून उगाच घडी घालत बसले.

आणि मग सुट्टीतला तो दिवस आला. त्या दिवशी आजोबांची धाकटी बहीण येणार होती, भिंगरीची आत्याआजी. सहा वर्षांनी. आजी गेल्या तेव्हा ती दोन दिवस उशिरा पोचली होती आणि आजोबा दारातच म्हणाले होते, "आता कशाला आलीस?" ती आल्यापावली परत गेली होती. हे घरात कुणी बोलायचं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. आता तिने आपणहून कळवलं होतं, येते म्हणून.

सकाळपासून आजोबांनी तीन शर्ट बाहेर काढून बघितले. आई तर जणू परीक्षेलाच बसली होती. खिडक्यांना नवे पडदे लावले, दारावर कागदी चांदण्या लावल्या. दिव्यांच्या माळेसाठी बाबांनी भिंतीत ड्रिलने भोकं पाडायला घेतली. तो आवाज यंत्रातून आजोबांच्या डोक्यात घुसला. त्यांनी घाईघाईने यंत्र काढलं, बंद न करताच डबीत टाकलं, डबी खिडकीत ठेवली आणि ते अंघोळीला गेले.

दहा मिनिटं उरली. आईने मला कडेवर घेतलं. खिडकीपाशी तिचा हात क्षणभरही थांबला नाही. डबी माझ्यात पडली.

मला कळलं होतं, मित्रांनो. डबीतून बारीक शिट्टी येत होती. बंद न केलेलं यंत्र कोंडलं की तसं वाजतं. मला सगळं कळत होतं आणि तोंड असून बोलता येत नव्हतं. वर चादर पडली आणि मी दिवाणाखाली गेले.

तिथून मला फक्त पाय दिसतात. आजोबांचे पाय खिडकीपाशी आले, थांबले, टेबलापाशी गेले, पुन्हा खिडकीपाशी आले. त्यांनी खिसे चाचपल्याचा आवाज आला. विचारलं असतं तर आईने घर उलटं केलं असतं. पण त्यांना आईचा तो टोमणा आठवला असावा. आणि तेवढ्यात बेल वाजली.

"अगं बाई, केवढं सुंदर केलंय घर!" आत्याआजी दारातच म्हणाली. तिच्या पायांत जाड मोजे होते, एकाची टाच रफू केलेली. जेवणं हसतखेळत झाली. सगळे हसले की मागोमाग आजोबांचं हसू ऐकू येई. एकदा चुकीच्या जागीही हसले. आईला वाटलं, ते अजून रुसलेत. आत्याआजीलाही तेच वाटलं.

जेवणानंतर आई आणि बाबा भांडी आवरायला आत गेले. भिंगरी दिवाणाला टेकून जमिनीवर चित्र काढत होती. माझ्या बरोबर वर ती दोघं भावंडं बसली. मग आत्याआजीच्या पायाचा अंगठा फरशीवर गोल गोल फिरू लागला.

"दादा," ती हळूच म्हणाली, "तेव्हा मी यायला हवं होतं. कारणं पुष्कळ होती, पण यायला हवं होतं. तुझा राग गेला का रे?"

आजोबांचे पाय हलले नाहीत. त्यांची मान तेव्हा खिडकीकडे असावी, कारण ते आपल्याच तंद्रीत म्हणाले, "या माळेतला एक दिवा लागत नाहीये."

तो अंगठा थांबला. माझ्या पोटात शिट्टी वाजत होती. मला वाटलं, वीण उसवून मी फुटावं आणि ती डबी घरंगळत त्यांच्या पायांशी जावी. पण मावशीने मला फार घट्ट विणलं होतं.

"कसली तरी शिट्टी वाजतेय," भिंगरी म्हणाली.

"फ्रीज असेल," आतून आई म्हणाली. "चला, फोटो काढू. अरे देवा, हे पेपर इथे कुणी ठेवले?" आणि फोटोपुरती आणखी एक छोटी फेरी झाली. पेपर, चष्म्याचं घर आणि टेबलावरचं आणखी काहीबाही चादरीखाली आलं. फोटो छान आला म्हणे. मला तो बघवणार नाही.

आत्याआजी राहायला आली होती. पण फोटो झाल्याबरोबर ती म्हणाली, "मी निघते. साडेपाचची बस मिळेल." सगळ्यांनी आग्रह केला. आजोबा नुसतं बरं, बरं म्हणाले. त्यांना वाटलं, ती बाजारात वगैरे निघाली असेल. बाबा तिला सोडायला गेले.

घर शांत झालं. आणि त्या शांततेत भिंगरी दिवाणाखाली शिरली. तिने चादर फेकली, आत हात घातला आणि डबी बाहेर काढली.

"आई, हा बघ तुझा फ्रीज!"

आईने डबी उघडून आजोबांच्या हातात ठेवली आणि ती तोंड झाकून बसली. चिठ्ठी न चुकणारी आई. आजोबांनी यंत्र कानाला लावलं आणि तेच तिची समजूत घालू लागले. "अगं, मीच नीट ठेवायला हवी होती. तुझी धावपळ चाललेली, म्हटलं पुन्हा कुठे त्रास द्यायचा."

"आप्पा, दिवसभर तुम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं?"

"नाही ना. ती माझ्याशी बोलली का काही?"

भिंगरी म्हणाली, "आत्याआजीने विचारलं, राग गेला का म्हणून. आणि तुम्ही म्हणालात, दिवा लागत नाहीये."

आजोबांच्या हातातून डबी पडली.

आईने तडक बाबांना फोन लावला. त्यांना सांगायचं होतं, आत्यांना बसमध्ये चढू देऊ नका. फोन वाजला. मित्रांनो, तो माझ्याच पोटात वाजला. पेपरांखाली. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

आईने दोन्ही हातांनी मला उचललं आणि सगळ्या घराच्या मधोमध उपडं केलं. मोजे, बिलं, खडू, फोन, कंगवा, सगळं फरशीवर. "रिक्षाने जाऊ," ती म्हणाली. सहा पाय दाराबाहेर धावले. दाराचा धक्का लागून एक चांदणी खाली पडली.

मी आडवी पडून वाट बघत होते. भिंतीवर घड्याळ टिकटिकत होतं, आजोबांनीच दुरुस्त केलेलं. साडेपाच वाजले. पावणेसहा झाले. मग जिन्यात पावलं वाजली. मी मोजू लागले. आईचे पाय. बाबांचे. भिंगरीचे, उड्या मारत. आजोबांचे. आणि मग रफू केलेली ती टाच.

ती दोघं बराच वेळ रडूनच आली होती, दोघांचा आवाज बसला होता. फरशीवरचा तो पसारा बघून आई ओशाळली. पण आत्याआजी मोजे ओलांडत दिवाणावर बसली आणि म्हणाली, "सकाळी मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरी आले की काय."

मग तिने मला सरळ केलं, माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "टोपली काय सुरेख आहे गं! कुणी विणली?"

मित्रांनो, माझं आजवर पुष्कळ कौतुक झालं. पण कौतुक ऐकून जमिनीत गडप व्हावंसं मला त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं.

आता मी दारापाशी उघडीच असते. चादर नाही. पाहुणे आले की त्यांना माझ्यातला एखादा मोजा दिसतो, तर दिसतो. खिडकीत बाबांनी आजोबांसाठी एक छोटी फळी ठोकली आहे. तिच्यावर डबी असते, आणि आईने डबीला सजावटीतली लाल फीत बांधली आहे, कुणालाही लांबून दिसावी म्हणून.

तुमच्या घरातही माझ्यासारखी कुणीतरी असेल. टोपली, खण, नाहीतर पलंगाखालचं खोकं. घर जरूर सजवा, मला सजावट आवडते. पण घाईत एखादी चेपलेली डबी उचलाल, तेव्हा ती एकदा उघडून बघा. आत कुणाचा तरी कान असू शकतो. आणि मी तर नुसती टोपली आहे, मला ओरडता येत नाही.