टाकीच्या कमरेचा पट्टा

मी कमरेचा पट्टा बोलतोय. चामड्याचा, तपकिरी, रुंद बक्कलाचा. आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. कारखान्यात मला कापलं, रंगवलं, भोकं पाडली, तेव्हा मी इतर पट्ट्यांसारखाच भाबडा होतो. संशयाची सवय मला नोकरीत लागली.

दुकानातून मला एका मुलीने घेतलं. तिला नुकतीच नोकरी लागली होती आणि वडिलांना काहीतरी द्यायचं होतं. दुकानदाराने चार पट्टे काढून तिच्यापुढे ठेवले. ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "यापेक्षा लांब नाही का?" दुकानदार आत गेला आणि अगदी मागच्या खिळ्यावरून मला घेऊन आला.

तिचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. कामावर त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे टाकी म्हणत. पोट टाकीसारखं होतं आणि त्या टाकीत काय भरलेलं असतं तेही सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्याबरोबर काम करणारा जोडीदार हडकुळा होता, म्हणून त्याचं नाव तार. टाकी आणि तार अशी ती जोडी शहरभर बंद लिफ्टा चालू करत हिंडायची.

पहिल्या दिवशी मी पहिल्याच भोकात कसाबसा बसलो, तोही टाकीने श्वास रोखून धरला म्हणून. त्याच संध्याकाळी माझ्या आणि त्याच्या पाठीच्या मधे काहीतरी सरकलं. सपाट, गार, काचेचं. दारूची चपटी होती ती. वरून ढगळ शर्ट. घरात शिरताना बायको पिशवी बघायची, खिसे चाचपायची, पण पाठीवरून हात फिरवायचं तिच्या कधी डोक्यात आलं नाही. पट्ट्याचं काम धरून ठेवायचं. मी धरून ठेवलं.

त्याने दारू तीनदा सोडली. तिन्ही वेळा सगळ्यांना टेबलाभोवती बसवून, "आजपासून बंद" असं जाहीर करून. पहिल्यांदा बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांदा ती "बरं" म्हणाली. तिसऱ्यांदा ती कपड्यांना इस्त्री करत होती, तिने मान वर केली नाही. आणि तिन्ही वेळा काही दिवसांनी ती गार काच माझ्याखाली परत आली. तेव्हापासून मी टाकीच्या कुठल्याही शब्दावर विश्वास ठेवायचं बंद केलं.

लेकीने त्याच्याही आधी बंद केलं होतं. तिचं लग्न झालं, तिला मुलगी झाली. ती मुलीला घेऊन यायची, आजोबांच्या मांडीवर बसवायची, पण स्वतः समोरून हलायची नाही. तोंड धुवायला जायचं असलं तरी आधी मुलीला उचलून आईकडे द्यायची. टाकी तेव्हा पेपर उघडून बसायचा. पोटाच्या हालचालीवरून मला कळायचं की तो वाचत नाहीये.

मग एके दिवशी दुपारी एका जुन्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. आत एक म्हातारी बाई होती, एकटीच. ती घंटा दाबत होती, हाका मारत होती. लिफ्ट सरकवायची तर सगळ्यात वर, यंत्राच्या खोलीत जायला हवं होतं. तिथे जायला लोखंडी शिडी आणि वर एक चौकोनी झडप. तार दुसऱ्या मजल्यावर दारापाशी थांबला. टाकी शिडी चढला, झडपेतून खांदे आत गेले आणि पोट अडकलं.

वर जाईना, खाली येईना. माझं बक्कल लोखंडाच्या कडेत रुतलं. पाठीवरची चपटी मणक्यात घुसली. खालून त्या बाईचा आवाज येत होता, "कुणी आहे का?" टाकीला तो नीट ऐकू येत होता.

शेवटी तार धावत वर आला आणि खालून खांदा लावून त्याने टाकीला आत ढकललं. चपटी निसटली, शिडीवर आपटली आणि फुटली. तारने काचांकडे बघितलं.

लिफ्टचं दार उघडलं तेव्हा बाई कोपऱ्यात खाली बसली होती. तिचे कपडे ओले झाले होते आणि ते झाकायला तिने हातातली पिशवी मांडीवर घेतली होती. ती टाकीला म्हणाली, "मी हाका मारत होते रे. मला वाटलं, कुणी येतच नाही."

टाकीने आपला शर्ट काढून तिच्या कमरेभोवती गुंडाळला आणि तिला तिच्या घराच्या दारापर्यंत सोडलं. मग उघड्या अंगाने जिन्यात बसून राहिला. तार म्हणाला, "चल." टाकी म्हणाला, "डॉक्टरकडे चल."

डॉक्टर म्हणाले की एवढ्या वर्षांची सवय एकदम तोडली तर जिवावर बेतेल, औषधं घ्यावी लागतील, काही दिवस घाम सुटेल, हात कापतील. वजनाचं विचारल्यावर त्यांनी गुडघे दाबून बघितले. "चालू नका. पोहायला जा."

"मला पोहता येत नाही."

"मग शिकायला जा."

या वेळी त्याने घरात कुणाला काहीच सांगितलं नाही. आणि मला वाटलं, आता हा नवीन डाव टाकतोय.

डाव वाटावा असंच सगळं होतं. तो घरी उशिरा यायला लागला. केस ओले, डोळे लालभडक. बायको दारातच विचारायची, "डोळे का लाल?" तो म्हणायचा, "धूळ." एकदा त्याने माझ्याखाली परत काहीतरी खोचलं, गुंडाळलेलं, दमट. मी मनात म्हटलं, आली बाटली. ती प्लॅस्टिकच्या पिशवीतली पोहायची चड्डी निघाली. ती घरात लपवायला तो बुटाच्या खोक्यामागची जागा वापरायचा, जिथे आधी चपट्या ठेवायचा.

बायकोने फ्लशची टाकी उघडून बघितली, गाद्या उचलल्या, खिडकीबाहेर हात घालून चाचपलं. नेमकं बुटाचं खोकं तिच्या नजरेतून सुटलं. ती भावाला म्हणाली, "काही सापडत नाही. म्हणजे जागा बदललीये."

भाऊ जाणकारासारखा म्हणाला, "ताई, भावोजी बारीक दिसायला लागलेत. या वयात माणूस दोनच कारणांनी बारीक होतो. दुखणं नाहीतर लफडं."

"लफडं कोण करणार यांच्याशी?" असं म्हणून ती हसली, पण ते हसणं काही टिकलं नाही.

बारीक होत होता हे खरं. एका भोकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा मी सरकत गेलो. माझी भोकं संपली तेव्हा त्याने यंत्राच्या खोलीत स्क्रूड्रायव्हर तापवला आणि माझ्या अंगात स्वतःच एक भोक पाडलं. मग आणखी एक. तार म्हणाला, "टाकी गळायला लागली." टाकी म्हणाला, "घरी बोलू नकोस." इतकी वर्षं त्याची सगळी पापं पोटात घालणाऱ्या तारला आता हेही पोटात घालावं लागलं.

एका सकाळी टाकी अंघोळीला गेला असताना बायकोने मला खुर्चीवरून उचललं. कडेला जळलेल्या त्या ओबडधोबड भोकांवरून अंगठा फिरवला. मग फोन घेऊन बसली. "तुझे बाबा आतून खंगत चाललेत," ती लेकीला म्हणाली, "आणि माझ्यापासून लपवतायत. एवढी वर्षं शिव्या घातल्या गं मी." तिला आता दारूची बाटली सापडली असती तर बरं वाटलं असतं, असा मला संशय आला.

त्याच संध्याकाळी मायलेकी त्याच्या मागोमाग आल्या. पोहण्याच्या तलावावर कपडे एका खोक्यात घालून खिडकीपाशी बसणाऱ्या बाईंकडे द्यायचे असतात. मी घडी घातलेल्या पँटवर वेटोळं करून पडलो होतो. बायकोने मला ओळखलं.

"हा पट्टा माझ्या नवऱ्याचा आहे."

"मग ते आत आहेत," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"आत काय आहे?"

"पाणी."

खिडकीतून मला सगळं दिसत होतं. उथळ बाजूला सात-आठ वर्षांची पोरं फळ्या धरून पाय मारत होती आणि त्यांच्यात एक पिकलेलं डोकं होतं. काठावरून शिकवणारी मुलगी ओरडत होती, "काका, गुडघे नका वाकवू. टाचा बाहेर दिसू देत." एक चिमुरडी त्याला मागे टाकून पुढे गेली आणि वळून बघून हसली. काकांनी मान खाली घालून आणखी जोरात पाय मारले.

काठापर्यंत आल्यावर त्याला तिथे उभ्या त्या दोघी दिसल्या. तो पाण्यात उभा राहिला. सवयीने त्याचे दोन्ही हात कमरेशी गेले, पँट वर ओढायला. तिथे पँटही नव्हती आणि मीही नव्हतो.

बायको म्हणाली, "कधीपासून?"

"त्या म्हातारीच्या दिवसापासून," तो म्हणाला. मग त्याला आठवलं की तिला म्हातारी माहीतच नाही. त्याने तिथेच, पाण्यात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पोरं फळ्या धरून ऐकत होती.

"मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगून तीनदा झालं होतं."

ती काठावर गुडघे टेकून वाकली. "तोंड उघडा."

त्याने उघडलं. तिने वास घेतला.

"उद्या परत बघीन," ती म्हणाली.

"बघ."

तुम्हाला वाटेल, इथे सगळं गोड झालं. तसं काही झालं नाही. लेक पुढच्या वेळी आली तेव्हा तिने मुलीला आजोबांच्या मांडीवर ठेवलं आणि पर्स उचलली. मग दारात थांबली. "बाबा, मी बाजारात जाऊन येते. पण आई घरात आहे म्हणून सोडतेय. आई नसेल तेव्हा नाही. अजून नाही."

मला वाटलं, आता हा चिडेल. पोट आखडलं, मग सैल झालं. "बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. लेक गेली. नात त्याच्या शर्टाचं बटण ओढत बसली. या वेळी पेपर उघडला नाही त्याने.

माझ्यात आणखी भोक पाडायला जागा राहिली नाही. माझं शेपूट कमरेला वळसा घालून पाठीपर्यंत जायला लागलं. बायकोने नवा, आखूड पट्टा आणला. टाकी मला कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघाला.

"राहू द्या तो," बायको म्हणाली. "परत लागला तर?"

लेक म्हणाली, "आई." टाकीने माझ्याकडे बघितलं, पहिल्या भोकाकडे, जिथलं चामडं ताणून पांढरं पडलं होतं. मग त्याने मला न्हाणीघराच्या दाराशेजारच्या खिळ्यावर स्वतःच्या हाताने लटकवलं.

"राहू दे," तो म्हणाला. "खरंच लागू शकतो."

तेव्हापासून मी इथे आहे. चामडं कोरडं पडलंय, बक्कल काळं झालंय. कुणाला माझी दया आली तर एक विनंती आहे, मला तेल लावू नका, पुसू नका. वाळू द्या, चिरा पडू द्या. मी कुणाच्या उपयोगाचा राहता कामा नये.

रोज संध्याकाळी त्याचा हात या खिळ्यांकडे येतो. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी दर वेळी धसकतो. तो हात माझ्या शेजारचा पोहायचा टॉवेल काढून घेतो आणि जातो.