दादाच्या खडूची फुली

पिंपावर दादाच्या खडूची फुली असली की धाकटा त्यात नाक घालत नसे. बारा वर्षांत एकदाही घातलं नव्हतं. आमच्या घरात एक नाक पुरे आहे, असं तो हसत सांगायचा, आणि ते काही खोटं नव्हतं. दादा ज्या कारखान्यात बर्बन, म्हणजे मक्याची व्हिस्की, मुरवायचा तिथे मालकासकट सगळे त्याला ‘नाक’च म्हणत. शेकडो पिंपांपैकी कुठलं बाटलीत जाऊ द्यायचं आणि कुठलं आणखी वर्षभर पडू द्यायचं, हे तो हुंगून सांगायचा.

बर्बनला दर वेळी कोरं पिंप लागतं. एकदा वापरलेलं त्याच्या कामाचं नाही. बिअरवाल्यांना मात्र तेच हवं असतं, कारण लाकडात मुरलेली चव बिअरमध्ये उतरते. धाकट्याची बिअरची छोटी भट्टी होती. दरवर्षी दादा रिकाम्या पिंपांच्या रांगेतून फिरायचा, एकेकाच्या भोकाला नाक लावायचा आणि सर्वांत चांगलं पिंप भावासाठी राखून त्यावर फुली मारायचा. त्यातली बिअर नऊ महिने मुरायची आणि थेट बिअर-व्हिस्कीच्या फेस्टिव्हलमध्ये, लोकांसमोर उघडायची. पहिला ग्लास दादाचा. ‘अहो भाऊजी, चाखल्याशिवाय माल बाहेर काढतं का कुणी?’ असं वहिनी दरवर्षी म्हणायची. पण भावाच्या शब्दापुढे धाकटा शहाणपणाला उभं करत नसे. सख्खा भाऊ आणि त्यातून असं नाक, मग चाखायचं कशाला?

यंदाही तंबूत गर्दी होती. गळ्यात दोरीने छोटे ग्लास अडकवलेले लोक या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होते. प्रत्येक टेबलाखाली एक बादली. चाखायचं, नाही आवडलं तर उरलेलं बादलीत ओतायचं, त्यात कुणी कुणाचा राग धरायचा नाही, अशी इथली रीत. धाकट्याच्या टेबलापाशी नेहमीचे तीसचाळीस जण आधीच रांगेत होते.

त्याने बूच काढलं, नळ बसवला आणि पहिला ग्लास दादाच्या हातात दिला. दादाने डोळे मिटून वास घेतला. घोट घेतला. मग रांगेकडे वळून म्हणाला, “बारा वर्षांतली सगळ्यात चांगली आहे. लाइन सोडू नका.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाकट्याने खुशीत दुसरा ग्लास स्वतःसाठी भरला आणि तोंडाशी नेला.

कुबट वास. पावसात भिजलेलं पोतं महिनाभर कोपऱ्यात पडून राहावं तसा. पिंपाच्या लाकडाला आतून बुरशी धरलेली होती, आणि ती एखाद्या नवशिक्यालाही ग्लास नाकाशी नेताच कळली असती. धाकट्याने दादाकडे बघितलं. दादा आणखी एक घोट घेत होता, मजेत.

नळ बंद करावा तर रांग विचारणार, का. आणि रांगेत अर्धे लोक दादाच्याच कारखान्याचे गिऱ्हाईक. तीन वाजता दादाला स्टेजवर जायचं होतं. तीन पिंपांतलं एक निवडायचं, त्याच्या बाटल्यांवर दादाची सही छापणार. मालकाच्या मुलाने वास ओळखणारं यंत्र बघून ठेवलंय, हे धाकट्याला ठाऊक होतं. नाक एकदा चुकायचीच तो मुलगा वाट बघत होता. धाकट्याने ग्लास भरायला सुरुवात केली. हात दुसऱ्या कुणाचे असावेत तसे चालत होते.

गंमत म्हणजे लोक पीत होते. दादाने सांगितलंय म्हटल्यावर कोण नाक मुरडणार? एक जाडगेले गृहस्थ पहिल्या घोटाला थबकले, विचारात पडले आणि बायकोला म्हणाले, “यात मातीचा एक स्वाद आहे बघ. मुद्दाम आणलाय.” बायकोने हो म्हणून मान हलवली आणि नवरा वळताच ग्लास बादलीत रिकामा केला. धाकट्याला हसूही येईना आणि रडूही.

दादा कुणाशी बोलायला पुढे गेला तेव्हा धाकटा मागे ग्लास विसळणाऱ्या वहिनीजवळ वाकला. “वहिनी, दादाला वास येत नाही?”

वहिनीने हातातला ग्लास खाली ठेवला. “गेल्या थंडीत ताप आला होता ना, तेव्हापासून. घरात दूध करपून काळं झालं तरी पत्ता लागत नाही यांना.”

“मला सांगायचंत तरी.”

“शपथ घातली होती मला. येईल परत, येईल परत म्हणून वर्ष काढलं. पिंपांची तारीख बघतात, रंग बघतात, हाताखालच्यांचे चेहरे बघतात आणि सांगतात. आजवर निभावलं.” तिने डोळे पदराला पुसले. “तुम्ही तरी वास घेऊन बघायचात हो त्या पिंपाचा.”

त्याला रडू फुटायच्या बेतात होतं, पण समोर ग्लास पुढे येत होते.

पावणेतीनला दादा परत आला. टेबलाच्या कडेला उभा राहिला आणि बराच वेळ खाली बघत राहिला. बादली काठोकाठ भरली होती.

“खराब आहे का रे?” त्याने हळूच विचारलं.

“नाही.”

“मग ही भरली कशी?”

धाकट्याने पुढचा ग्लास भरायला घेतला.

“मी फुली मारली तेव्हा तू शेजारीच होतास,” दादा म्हणाला. “मनात म्हटलं, काही असेल तर हा वास घेईल, बोलेल. पण तू पिंपाकडे बघतच नव्हतास. माझ्या तोंडाकडे बघत होतास. मग मी मारली.”

“दादा, आज नको जाऊस. बरं नाही म्हणून सांगू.”

“आणि उद्या काय सांगू? परवा?” स्टेजवरून पुकारा झाला. दादाने कोटाची बटणं लावली. “तू पुढे उभा राहा. समोर, तुझं तोंड मला दिसेल असा. एवढं कर.”

“मी बिअरवाला आहे रे. मला त्यातलं काय कळतं?”

पण दादा निघाला होता.

धाकटा पहिल्या रांगेत जाऊन उभा राहिला. स्टेजवर तीन पिंपं, तीन ग्लास, बाजूला मालक आणि त्याचा मुलगा. दादाने पहिला ग्लास उचलला. एरवी वास घेताना तो डोळे मिटायचा. आज त्याने ते उघडे ठेवले आणि ग्लासाच्या काठावरून भावाकडे बघितलं. धाकट्यापर्यंत नुसता तंबूचा, माणसांचा आणि सांडलेल्या दारूचा वास येत होता. त्याने चेहरा कोरा ठेवला. दुसरा ग्लास. तिसरा. मग दादाने पुन्हा दुसरा उचलला आणि तो नाकाशी धरून थांबला.

तो का थांबला, हे धाकट्याला कळेना. रंग बरा दिसला असेल, हात थकला असेल, काहीही असेल. पण दादा थांबलाय म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं त्याच्या मनाने बारा वर्षांच्या सवयीने घेतलं, आणि कळायच्या आत त्याची मान होकारार्थी हलली.

दादाचा चेहरा एकदम निवळला. भावाला कळलंय, असं त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. त्याने खिशातून खडू काढला आणि दुसऱ्या पिंपावर मोठी फुली मारली.