एकशे अठरा घरांची भिंत

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. पण मला गुंडाळून कपाटामागे टाकता यायचे नाही, कारण मी महाळुंग्याच्या एका शाळेच्या व्हरांड्यात, थेट भिंतीवरच रंगवलेला आहे. माझे नाव आवर्तसारणी. अंगावर एकशे अठरा चौकोनी घरे, आणि प्रत्येक घरात एक मूलद्रव्य.

आठ वर्षांपूर्वी कोंडीरामकाकांनी मला रंगवले. ते चाकणच्या एका कंपनीत मशीनवर नंबर रंगवतात. सलग पाच रविवार, शेजारी पुस्तक उघडे ठेवून, फूटपट्टीने रेघा मारत त्यांनी माझे एकेक घर बांधले. त्यांची लेक आम्रपाली तेव्हा दुसरीत होती.

माझी मांडणी सोपी आहे. अणूच्या पोटात जितके प्रोटॉन, तितका त्याचा अणुअंक. त्या अंकाने डावीकडून उजवीकडे चालत यायचे: हायड्रोजन एक, हेलियम दोन, लिथियम तीन. उभ्या रांगेत मात्र बहुधा एकाच स्वभावाची मंडळी राहतात. डाव्या टोकाचे सोडियम, पोटॅशियम पाणी लागताच भडकतात. उजव्या टोकाचे हेलियम, निऑन कुणाच्या अध्यात ना मध्यात. तळाशी दोन ओळी वेगळ्या दिसतात ना? त्यांना वर घेतले असते, तर मी पार मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत पोचलो असतो!

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. मग वर्गात मोठा स्क्रीन आला आणि माझ्या अंगावर सायकली टेकू लागल्या. सोन्याच्या घरावर कुणाचे तरी हँडल! मला फार राग यायचा.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत शाळा रंगवायला काढली. काम कोंडीरामकाकांकडेच होते. देखरेखीला शाळा समितीचे हिंदुरावकाका आले. त्यांनी तीस वर्षे कंपनीचे स्टोअर सांभाळलेले. आलेला माल आधी काट्यावर चढवायचा, ही त्यांची सवय. त्यांनी चष्मा लावून माझ्या घरांत नावांखाली लिहिलेली अणूंची वजने वाचली आणि एकदम थांबले.

"टेल्युरियम एकशे सत्तावीस पूर्णांक सहा, आन् त्याच्या पुढं आयोडिन एकशे सव्वीस पूर्णांक नऊ? जड आधी, हलकं मागनं? पेंटर, घोळ केलास तू! आठ वर्सं पोरं चुकीचं शिकली. मार ह्याच्यावर पांढरा रंग!"

सगळ्यांसमोर कोंडीरामकाकांची मान खाली गेली. "पुस्तकात बघूनच काढलं होतं," ते पुटपुटले, "पण चुकलं असंल तर मीच पुसतो." त्यांनी ब्रश डब्यात बुडवला. मला धडकीच भरली. पण खरे सांगतो, माझ्यापेक्षा मला त्यांचेच जास्त वाईट वाटले.

वडिलांचा जेवणाचा डबा घेऊन आलेली आम्रपाली पुढे झाली. ती आता दहावीत आहे.

"थांबा बाबा. हिंदुरावकाका, तुमच्या स्टोअरमध्ये मशीनचं एखादं बेअरिंग ऑइल सीलपेक्षा हलकं निघालं, तर ते सीलच्या रॅकला ठेवायचात का?"

"येड लागलंय व्हय! बेअरिंग बेअरिंगच्याच रॅकला. पार्ट नंबर बघून."

"मग अणुअंक हा यांचा पार्ट नंबर. टेल्युरियम बावन्न, आयोडिन त्रेपन्न. आयोडिनचा स्वभाव क्लोरीन, ब्रोमीनसारखा, म्हणून ते त्यांच्याच खाली. वजन बघून हलवलं, तर ते गंधकाच्या रांगेत जाऊन बसेल."

हिंदुरावकाकांनी माझ्या रांगांवरून वर-खाली बोट फिरवले.

"सीलच्या रॅकला बेअरिंग? न्हाई, न्हाई, कंपनीची लाइनच बंद पडंल!" ते खो खो हसले. मग कोंडीरामकाकांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "कोंडीरामभाऊ, तुमचं बरोबर हाय. वजनाच्या नादात मीच चुकलो."

कोंडीरामकाकांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. ते लेकीकडे वळले. मग हळूच म्हणाले, "आमू, ह्या डब्यातला पांढरा रंग तुझ्या तक्त्यात कुठं हाय गं?"

तिने त्यांचा हात धरून बाविसाव्या घरावर ठेवला. "टायटॅनियम, बाबा. पांढऱ्या रंगात हेच असतं."

"आयुष्यभर फासतोय," ते म्हणाले, "नाव आज कळलं."

मित्रांनो, त्या हाताची ऊब मला अजून जाणवते. तुम्हीही या, माझ्यावर बोट ठेवा, शंका काढा, चूक वाटली तर बेलाशक भांडा. पण उत्तर कळेपर्यंत ब्रश तेवढा डब्यातच राहू द्या.