वाक्यात उपयोग

रामभाऊ मास्तरांनी स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या दारावर खडूने इंग्रजी शब्द लिहिला: हेक्टिक. खाली अर्थ: अतिशय धावपळीचे. त्याखाली ‘वाक्यात उपयोग’, आणि पुढे मोकळी जागा. वडगाव निंबाळकरच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून मास्तरांकडे एकच विद्यार्थिनी उरली होती: बायको. रोज एक शब्द. उपयोग रंगुबाई सांगायच्या, मास्तर चुका काढायचे आणि दुसऱ्या दिवशी दार पुसलं जायचं.

आजचा शब्द मुलाच्या पत्रातला होता. कंपनीत शेड्यूल फार हेक्टिक आहे, दिवाळीनंतर येतो, असं सुमितनं पुण्याहून कळवलं होतं.

बारामतीच्या डॉक्टरांनी रंगुबाईंना दसऱ्यापर्यंतचीच मुदत दिली होती.

“म्हंजी कसं वो?” रंगुबाईंनी खाटेवरून विचारलं.

“कारखाना सुरू झाला की ऊसवाल्या गाडीवानांचं होतं ना, तसं. खायला फुरसत नाही.”

“मग जेवतो कवा त्यो?”

एवढं कुठल्याच शब्दकोशात दिलेलं नव्हतं.

“तार करतो त्याला,” मास्तर म्हणाले.

“अजाबात न्हाय. रजा मागंल, सायब खेकसंल. तुमी जलमभर सायबाला भ्यालात, आता पोरालाबी भ्यायला लावा.”

“बघायचं नाही तुला त्याला?”

रंगुबाईंनी दाराकडे बोट केलं.

“लिवा. सुमित हेक्टिक हाय, आईला कळतं.”

मास्तरांच्या मते दिवस हेक्टिक असतो, माणूस नव्हे. तरी त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं. तार केली नाही. दुसऱ्या दिवशी दारही पुसलं नाही. रंगुबाईंनी पुसू दिलं नाही.

डॉक्टर हुशार होते. दसऱ्याला चार दिवस असतानाच रंगुबाई गेल्या.

सुमित मातीला पोचला. पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेले पाहुणे पांगल्यावर तो स्वयंपाकघरात येऊन बसला.

“आजारी होती, तर कळवलं का नाही, तात्या?”

“ती नको म्हणाली. तुला रजा मागावी लागली असती.”

“त्यात काय? आता पंधरा दिवसांची घेतलीय.” सुमितनं माठातलं पाणी घेतलं. “मागितली की देतात.”

पेला ठेवायला तो फडताळाकडे वळला आणि दारावरचं वाचत तिथंच थांबला. पेला हातातच राहिला.

मास्तर उठले. ओल्या फडक्यानं त्यांनी अर्थ पुसला. उपयोग तसाच ठेवला.