दोनखाऊ

ज्या माणसाला तुम्ही पाहुणा म्हणून बोलावता, त्याच्याच समोर त्याला ठेवलेलं नाव घेऊन खिदळायचं नसतं. एवढी साधी गोष्ट. पण वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी जमणाऱ्या त्या वीस-पंचवीस शहाण्यांना ती कळली नाही, आणि रफूवालीचं डोकं फिरलं ते तिथूनच.

ही मंडळी साहेबांची भक्त. साहेब म्हणजे गायक. त्यांना जाऊन एकोणतीस वर्षं झाली, पण या लोकांनी काही त्यांना सुखानं जाऊ दिलं नाही. दुकानात मिळणाऱ्या साहेबांच्या रेकॉर्डी यांना नकोत, त्या काय कुणीही ऐकतं. यांना हवे जाहीर कार्यक्रम; कुणीतरी तिसऱ्या रांगेतून मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून टिपलेले, कुणाच्या पोटमाळ्यावर सापडलेले. साहेबांचं होडीचं गाणंच घ्या. त्या एका गाण्याच्या यांच्याकडे चौदा प्रती, चौदा वेगवेगळ्या संध्याकाळच्या. त्या ओळीनं लावायच्या, डोळे मिटायचे, माना हलवायच्या आणि दहापैकी गुण द्यायचे. हे गुण ज्या वहीत उतरतात ती सूची, आणि ती लिहिणारे ते सूचीकार. भूमितीचे निवृत्त मास्तर, पेन्सिलीला टोक काढल्याशिवाय बोलायला सुरुवात न करणारे.

आठव्या प्रतीत ड्रम वाजवलाय तो रफूवालीच्या वडिलांनी. साहेबांच्या नेहमीच्या वादकाचा हात दुखावला होता, म्हणून ऐनवेळी यांना बोलावणं आलं. दिवसभर कापडाच्या गोदामात गाठोडी उचलायची आणि संध्याकाळी मिळेल तिथे ड्रम वाजवायचा, असं त्यांनी चाळीस वर्षं केलं. पण इतक्या वर्षांतली टेपवर राहिलेली ही एकच संध्याकाळ. बाकीचं वाजवणं हवेत गेलं. म्हणून सूचीकारांचा फोन आला, 'आठव्या प्रतीचे वादक हयात आहेत हे आम्हाला आत्ता कळलं, तुम्ही याच,' तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसानं दोन दिवस आधी कोट इस्त्रीला दिला.

त्यांना पुढची खुर्ची दिली, चहा दिला, चार शब्द चांगले बोलले. मग गाणं लावलं. अंतरा संपत आला तसा एक दातांचा डॉक्टर शेजाऱ्याला कोपरानं ढोसून म्हणाला, "आली बघा, दोनखाऊची जागा." दोन-चारजण बोटांवर मोजायला लागले. सात मात्रांचं गाणं ते. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि सहा-सात यायच्या आत पुन्हा एक. खोलीभर हसू पसरलं. वाईट हसू नव्हतं, घरातल्या मांजरीच्या खोडीला हसावं तसं होतं. रफूवालीला त्याचीच जास्त चीड आली.

"दोनखाऊ कोण?" वडिलांनी विचारलं.

सूचीकारांनी वही मिटायला घेतली, पण रफूवालीची नजर सुईच्या नाकातून दोरा ओवणारी. तिनं तेवढ्यात वाचलं. 'प्रत आठवी. आवाज स्वच्छ. मागे पंख्याचा आवाज, दुर्लक्ष करावे. अंतऱ्यानंतर ड्रमवादक दोन मात्रा खातो. दहापैकी चार. टोपणनाव दोनखाऊ.'

ती उठणार होती. खुर्ची मागे सरकवलीही होती. वडिलांनी तिची बाही धरली आणि म्हणाले, "परत लावा बरं तेवढं." लावलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं, मोजलं, आणि त्या सगळ्यांकडे बघून म्हणाले, "खाल्ल्यात खऱ्या. माफ करा मंडळी. त्या दिवशी घाईत बोलावलं होतं."

माफी मागितली हो त्यांनी. फुकटात गाणं ऐकणाऱ्या, आयुष्यात टेबलावर थाप न मारलेल्या त्या लोकांची माफी.

घरी आल्यावर वडिलांचे हात थांबले. ते थांबणं काय होतं हे बाहेरच्याला कळायचं नाही. हा माणूस जेवायला बसला की ताटाच्या कडेवर वाजवायचा, बसमध्ये पुढच्या सीटच्या दांडीवर वाजवायचा, दवाखान्यात रक्तदाब मोजताना मोकळ्या हातानं खाटेवर वाजवायचा. रफूवालीची आई जाईपर्यंत म्हणत राहिली, "अहो, निदान झोपेत तरी माझी पाठ सोडा." आता तेच हात मांडीवर एकावर एक ठेवलेले असायचे. एक आठवडा झाला, दोन झाले. घरात इतकी शांतता झाली की रफूवालीला नळ गळतोय हे पहिल्यांदा कळलं.

"बाबा, तुम्हाला चुकल्याचं आठवतंय का?"

"नाही ना. तेच तर वाईट. चुकलो आणि कळलंही नाही. म्हणजे बाकीची चाळीस वर्षं काय केलं असेल कुणास ठाऊक."

"साहेबच चुकले असतील आणि तुम्ही सांभाळून घेतलं असेल."

"त्यांचं नाव घ्यायचं नाही," ते म्हणाले. "टेपचं माझ्याशी काय वैर आहे अगं? ती कशाला खोटं बोलेल?"

तिचा राग वाढतच गेला. दुकानात गिऱ्हाइकांवर निघायचा. दुकान म्हणजे किल्ल्या करणारा आणि इस्त्रीवाला यांच्या मधली टीचभर जागा, एक दिवा आणि एक स्टूल. वाचनालयातल्या मंडळींनी वडिलांना ते गाणं मोबाइलवर पाठवलं होतं, आठवण म्हणे. तिनं ते स्वतःच्या मोबाइलवर घेतलं आणि काम करताना कानात घालून बसायला लागली. दिवसातून वीस वेळा. जखमेवरची खपली काढत बसावं तसं.

त्या दिवशी हातात एक तपकिरी ओव्हरकोट होता. बाहीला कसरीनं खाल्लेलं भोक होतं आणि शेजारीच कुणीतरी आधी केलेला एक रफू होता, गिऱ्हाइकाला माहीतही नसलेला. दुसऱ्याचा रफू शोधायची एक पद्धत असते. नक्षी बघायची नाही. नक्षी जुळवायला त्यानं जिवाचं रान केलेलं असतं, तिथे तो सापडत नाही. कापड उलटं करायचं आणि ज्या धाग्याकडे त्याचं लक्ष नव्हतं तो धरून पुढे जायचं. कुठेतरी तो मध्येच तुटतो.

कोट उलटा करता करता तिचा हात थांबला. गाण्यात ड्रम ऐकायचा नाही. साहेबही ऐकायचे नाहीत. उलट्या बाजूला काय आहे?

उलट्या बाजूला पंखा होता. मान फिरवणारा, उभा पंखा. टेपरेकॉर्डरच्या जवळच असणार, कारण मान एका टोकाला गेली की 'कट्' असा आवाज येत होता. ती टाके घालत ऐकायला लागली. कट्. अकरा टाके, कट्. अकरा टाके, कट्. विजेवर चालणारं यंत्र, त्याला ना साहेबांचा धाक ना श्रोत्यांची भीती. अंतरा आला. कट्. एक, दोन, तीन, चार, कट्. आणि पुढे पुन्हा अकरा.

तिनं मागे घेऊन ऐकलं. चारच. पुन्हा ऐकलं. चार. मग तिनं सुई कोटातच टोचून ठेवली आणि असा एक शब्द उच्चारला की किल्लीवाल्यानं कानस खाली ठेवली.

"काय झालं, ताई?"

"रफू केलाय मेल्यांनी," ती म्हणाली. "आणि भोक माझ्या बापाच्या नावावर लावलंय."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी वडील यायला तयार नव्हते. एकदा शोभा झाली तेवढी पुरे, म्हणाले. तिनं पंख्याचं सांगितलं नाही. उगाच आशा लावायची आणि वर काही भलतंच निघायचं. फक्त विचारलं, "त्या दिवशी स्टेजजवळ पंखा होता का हो?"

"होता ना. खिडकीशी. डोक्यात जायचा माझ्या. बंद करा म्हटलं तर हॉलचा माणूस म्हणाला, साहेबांना उकडतंय." एवढं बोलून पुन्हा हात मांडीवर.

"चला मग," ती म्हणाली. "बोलू नका, नुसते बसा."

ती वरच्या मजल्यावर शिरली तेव्हा मंडळी अकराव्या प्रतीवर होती. तिनं सूचीकारांना सांगितलं, "आठवी लावा. आणि आज मात्रा मोजायच्या नाहीत. पंखा ऐकायचा."

"पंख्याला किती गुण द्यायचे?" दातांचा डॉक्टर म्हणाला. काहीजण हसले.

"तुमच्या हातात घड्याळ आहे ना, डॉक्टर? तुम्हीच मोजा. मोठ्यानं."

डॉक्टर मोजायला लागला, सुरुवातीला नाटकीपणानं. नऊ सेकंद, कट्. नऊ सेकंद, कट्. पाचव्या वेळेला त्याचा आवाज साधा झाला. अंतरा आला. कट्. "एक, दोन, तीन," आणि कट्. डॉक्टर घड्याळाकडे बघतच राहिला. पुढे नऊ. पुढे पुन्हा नऊ.

"माझ्या वडिलांनी दोन मात्रा खाल्ल्या म्हणता," रफूवाली म्हणाली. "मग पंख्यानं सहा सेकंद खाल्ले का? नेमके तिथेच? तोही घाईत बोलावला होता की काय?"

सूचीकार उठले. त्यांनी भिंतीतलं कपाट उघडलं, एका खोक्यातून मूळ कॅसेट काढली, कोपऱ्यातल्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि पहिल्या बाजूच्या शेवटाला नेली. अंतऱ्याचा शेवट, साहेबांचा अर्धा शब्द, आणि खट्. बटण उडाल्याचा आवाज. बाजू संपली होती. कुणीतरी कॅसेट उलटी करून परत चालू करेपर्यंत साहेब गात राहिले होते, ड्रम वाजत राहिला होता, आणि तेवढं कुठेच टिपलं गेलं नव्हतं. दुसऱ्या बाजूची सुरुवात पुढे कुठेतरी, आणखी एका अर्ध्या शब्दानं होत होती.

"हा सांधा माझा आहे," सूचीकार म्हणाले. "सव्वीस वर्षं झाली. गाणं अखंड वाटावं म्हणून केला. दोन दिवस बसलो होतो. तीच ओळ परत येते, म्हणून शब्दाला शब्द बरोबर जुळला. मात्रा मोजायचं सुचलंच नाही. आणि तो इतका बेमालूम झाला की... मीच विसरलो."

'बेमालूम' म्हणताना त्यांचा आवाज जरासा फुलला. रफूवालीनं ते ऐकलं. कारागिराचं सुख तिला काय ठाऊक नव्हतं? पण हा माणूस स्वतःच रफू करून वर पांघरणाऱ्यालाच फाटका म्हणून सव्वीस वर्षं हसला होता.

"मी नोंद दुरुस्त करतो," ते म्हणाले आणि पेन्सिलीला टोक काढायला लागले. "ध्वनिमुद्रणात तांत्रिक दोष, असं लिहितो."

"तंत्राला हात असतात का? लिहा, दोन मात्रा सूचीकारांनी खाल्ल्या."

सूचीकारांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या वडिलांकडे, आणि तसंच लिहिलं. चाराचा आकडा खोडरबरानं पुसला. तिथे काय लिहायचं ते त्यांना सुचलं नाही, म्हणून जागा कोरी राहिली.

"आणि ते नाव," डॉक्टर खाली बघत म्हणाला.

"ते तुम्ही आपसांत वाटून घ्या," रफूवाली म्हणाली. तिला अजून बरंच बोलायचं होतं. तिच्या मनात आख्खा महिना तयार होता. पण वडिलांनी तिची बाही धरली.

"लावा परत," ते म्हणाले. "सांधलेलीच लावा."

त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. गाणं सुरू झालं आणि त्यांची बोटं लाकडावर पडली, आधी चाचपडत, मग पक्की. टेपमधला पंचेचाळिशीतला हात आणि टेबलावरचा एक्क्याऐंशीचा हात एकाच ठेक्यात चालले. अंतरा आला. साहेबांचा शब्द जुळला, टेपनं पाच मोजून उडी मारली, आणि म्हातारा जागचा हलला नाही. त्यानं सहा वाजवली, सात वाजवली, आणि मग एक. जन्मभर गाणाऱ्याच्या मागे मागे गेलेला माणूस, पण आज गेला नाही. पुढचं सगळं गाणं टेप आणि तो दोन मात्रांच्या अंतरानं भांडत राहिले.

डॉक्टरला राहवलं नाही. "काका, तुम्ही दोन मात्रा मागे..."

"मी जागेवर आहे," वडील मान वर न करता म्हणाले. "टेपला सांगा."

गाणं संपलं. शेवटचा सूर थांबून टेपवरच्या टाळ्या सुरू व्हायला मध्ये जो जरासा वेळ जातो, तेवढ्यात त्यांच्या दोन मात्रा राहिल्या होत्या. त्या त्यांनी सावकाश वाजवल्या आणि हात टेबलावरून काढले.