काळ्या दोऱ्याचा नियम

शनिवारी सकाळी उझैरने कुंपणाचे फाटक उघडले आणि त्याच्या नजरेला पहिल्यांदा पडली ती एक रिकामी जागा. सातव्या वाफ्यात लायबाच्या भोपळ्याचा वेल गेले तीन महिने हातपाय पसरून निजला होता. आता तिथे वाळूमिश्रित मातीत एक खड्डा होता आणि खड्ड्याच्या कडेला वेलाचे दोन सुकलेले तणावे. कुंपणाला टेकून, पहिल्या उन्हात, तोंड बांधलेली एक काळी पिशवी उभी होती.

आखातातल्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीच्या मागच्या बाजूला, दोन इमारतींच्या सावल्या दिवसातून एकदाच जिथे एकमेकींना भेटत, तिथे 'अंकुर' मंडळाचे हे चौदा वाफे होते. बारा ते सोळा वयाची चौदा मुले. प्रत्येकाचा एक वाफा, प्रत्येकाची एक नोंदवही, आणि फेब्रुवारीत प्रदर्शन. त्यापलीकडे या वर्षी आणखी एक गोष्ट होती: अल ऐनच्या शेतांवर पंधरा दिवसांचे शिबिर. खजुराच्या बागा, शेळ्यांचे गोठे, ठिबक सिंचनाची प्रयोगशाळा. प्रत्येक मंडळाला एकच जागा. अर्ज आज सायंकाळपर्यंत जायचा होता आणि त्यावर मार्गदर्शकाने भरायचा एक रकाना होता: 'विश्वासार्हता'.

मार्गदर्शक म्हणजे उझैर. तेवीस वर्षांचा, इथेच वाढलेला, घराण्याने रत्नागिरीकडचा. इतर दिवशी तो अल क्वोजच्या एका शीतगृहात दुसऱ्यांनी पिकवलेल्या भाज्यांची खोकी तपासत असे. शनिवारी मात्र मातीत हात घालायला मिळे. मोठ्या माणसांशी बोलताना त्याचे शब्द घशातच विरघळत. मुलांशी बोलताना तसे होत नसे, म्हणून तो इथे येत असे, आणि हे त्याने कुणालाही सांगितले नव्हते.

त्याने मंडळाचे सामाईक नोंदपुस्तक उघडले. गुरुवारची नोंद गोल, नीटस अक्षरात होती: 'वाफा सात. काळा दोरा. उपटले, पिशवीत बांधले. तनया.'

मंडळात दोन रंगांचे दोरे वापरत. इथे मधमाश्या फारशा फिरकत नाहीत. मुले कापसाच्या बोळ्याने एका फुलातला पराग दुसऱ्यात नेऊन ठेवत आणि अशा फुलाला पांढरा दोरा बांधत. काळा दोरा म्हणजे रोग. पानांवर पिवळे चट्टे पाडणारा रोग पांढरी माशी या वाफ्यातून त्या वाफ्यात नेते. म्हणून ज्याला शंका येईल त्याने खोडाला काळा दोरा बांधायचा, आणि त्या दिवशी ज्याची पाळी असेल त्याने झाड मुळासकट उपटून पिशवीत कोंडायचे. नियम उझैरचाच होता. "काळा दोरा दिसला की विचार करत बसायचं नाही," तो पहिल्या दिवशी म्हणाला होता. "तुम्ही विचार कराल तोवर माशी पुढच्या वाफ्यात."

त्याने पिशवीची गाठ सोडली. आतून कोंदट, हिरवा वास आला. पाने मलूल झाली होती, पण त्यांवर एकही चट्टा नव्हता. पोटाशी, अजून हिरवट, उशीएवढा भोपळा होता. खोडाला काळा दोरा होता, आणि त्याला एकापुढे एक अशा कितीतरी गाठी मारलेल्या होत्या. सुटू नये म्हणून, उझैरच्या मनात आले. ज्याने बांधला, त्याला तो सुटायला नको होता.

नऊ वाजता मुले आली. लायबा तेरा वर्षांची, त्याच्याच तालुक्यातल्या कुटुंबातली. ती खड्ड्यापाशी उभी राहिली आणि रडली नाही. त्यामुळे सगळ्यांनाच अधिक अवघड झाले.

"हू टाइड इट?" तिने विचारले. "सर, तुम्ही?"

"नाही."

"मी पण नाही. बुधवारी तर सगळं ओके होतं. दादीला दाखवायला आणलं होतं मी."

सर्वांच्या माना तनयाकडे वळल्या. तनया चौदा वर्षांची. पलीकडच्या इमारतीतल्या विष्णू आणि सुजाता यांची मुलगी. तिचा वाफा आठवा, लायबाच्या शेजारचा. शिबिराच्या जागेसाठी मंडळात दोनच नावे घेतली जात होती, आणि ती या दोन वाफ्यांची होती.

"दोरा होता," ती म्हणाली. "आय फॉलोड द रूल, सर."

"पानं पाहिलीस?"

"पाहिली."

"चट्टे होते?"

तिने काळ्या पिशवीकडे पाहिले. मग म्हणाली, "तुम्हीच म्हणता ना, विचार करायचा नाही."

मागून कुणीतरी हसले. "सोयीचा रूल आहे यार," नीरव कुजबुजला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात.

त्या क्षणी उझैरच्या मनात शंकेने बी टाकले, आणि बी रुजायला पाणी कुठून मिळते हे त्याला कळण्याआधीच ते फुटले. आता त्याला सगळेच दिसू लागले. गेल्या शनिवारी लायबाच्या भोपळ्याभोवती मुले जमली, तेव्हा तनया एकटी आपल्या टोमॅटोंपाशी पाठमोरी बसून राहिली होती. गुरुवारी ती आईशिवाय, ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी आली होती. फाटकावर पहारा करणाऱ्या खैरुद्दीनचाचांनी हे सांगितले. आणि मुले पाणी घालत असताना त्याने तिच्या अवजारांच्या पिशवीकडे पाहिले, पाहू नये असे वाटत असतानाही पाहिले, तर खुरप्याच्या दांड्याखाली काळ्या दोऱ्याचे एक रीळ होते.

"हे कशाला?" त्याने विचारले.

"टोमॅटोंना काठ्या बांधायला. मम्माच्या मशिनचा दोरा आहे." तिचा चेहरा आधी लाल झाला, मग एकदम पांढरा. "सर, तुम्हाला काय वाटतंय?"

"मला काही वाटत नाही," उझैर म्हणाला. ते खोटे होते आणि दोघांनाही ते कळले.

दुपारी सुजाता आली. मुलीने फोन केला असणार. ती वाफ्यांच्या मधल्या अरुंद वाटेवरून तरातरा चालत आली, चपलेत वाळू भरली तरी थांबली नाही.

"उझैर सर, माझ्या मुलीला चौदा जणांसमोर चोर ठरवलंत?"

"मी तसं काही बोललो नाही, ताई."

"बोलला नाहीत, तेच तर! बोलला असतात तर तिने उत्तर दिलं असतं. तुम्ही नुसतं बघत राहिलात म्हणे. सकाळपासून जेवली नाहीये ती." तिने आवाज खाली आणला. "एक विचारू? झाड तनयाचं असतं आणि उपटणारी लायबा असती, तर तुम्ही पिशवी तपासली असती? का ती तुमच्या गावाकडची, म्हणून..."

वाक्य तिने तिथेच सोडले. सकाळपासून हाच प्रश्न उझैरच्याही मनाच्या तळाशी पडून होता आणि त्याने त्याला वर येऊ दिले नव्हते. आता त्याला स्वतःचाही संशय येऊ लागला. पण स्वतःवरचा संशय माणसाला नेहमीच शहाणे करत नाही. त्याने स्वतःला समजावले की मी पक्षपात करत नाही, आणि हे सिद्ध करायचे तर जे दिसले ते लिहायलाच हवे.

तीन वाजता, पत्र्याच्या खोलीत, गरम वारा फेकणाऱ्या पंख्याखाली, त्याने तनयाचा अर्ज पुढे ओढला. 'विश्वासार्हता' या रकान्यात त्याने लिहिले: 'कष्टाळू आहे. परंतु सहकाऱ्याच्या झाडाच्या नुकसानीबाबत तिच्या वर्तनाविषयी शंका आहे.' मग दोन्ही अर्ज आणि दोन्ही नोंदवह्या मंडळाच्या प्रमुख शोभना मॅडमच्या टेबलावर ठेवल्या. तनयाची नोंदवही त्याने उघडलीसुद्धा नाही. जे आपल्याला ठाऊकच आहे, ते कशाला वाचायचे?

पाच वाजता लायबाला न्यायला तिची दादी आली. खतीजादादी महिनाभरासाठी गावाहून आलेली. कपाळापर्यंत ओढलेली ओढणी, हातात लाडवांचा डबा. फाटकातून आत येताच ती सातव्या वाफ्यापाशी थबकली.

"या अल्ला! वेल कुठे गेला?"

"रोगट म्हणून उपटला, दादी," उझैर म्हणाला. "कुणीतरी दोरा बांधला होता."

"दोरा तर मीच बांधला!"

लायबाने डोळे विस्फारले. दादी मात्र खड्ड्याकडे बघत बोलत होती. "बुधवारी आले तर जो तो म्हणतोय, केवढा मोठा, केवढा मोठा. एकाच्याही तोंडून माशाल्ला नाही! म्हटलं, नजर लागेल पोरीच्या भोपळ्याला. ही डबा भरायला नळावर गेली, तेवढ्यात दुआ पढून सात गाठी मारल्या. एक एक गाठ फुंकून. सांगून बांधला तर असर जातो, म्हणून बोलले नाही." ती वळली. "त्या दोऱ्यामुळेच उपटला म्हणजे? काळा दोरा बघून कोण झाड उपटतं, बाबा? काळा दोरा तर वाचवायला बांधतात!"

सात गाठी. त्या उझैरने सकाळी बोटांनी चाचपल्या होत्या.

लहानपणी त्याच्याही दंडावर असाच दोरा होता. आईने बांधलेला. शारजाच्या शाळेत मुले चिडवतात म्हणून तिसरीत त्याने तो कात्रीने कापला आणि स्नानगृहात टाकला. आईने ते पाहिले. आणि या ऑक्टोबरात मंडळासाठी दोरे हवे होते, तेव्हा त्याने घरातूनच दोन रिळे आणली होती. काळे रीळ आईच्या डब्यातले होते. आईने ते कशासाठी ठेवले आहे, असा प्रश्न त्याला पडला नव्हता.

"दादी," लायबा हळूच म्हणाली, "यू शुड हॅव टोल्ड मी."

"काय म्हणते ही?"

"काही नाही," उझैर म्हणाला. "चूक माझी आहे, दादी. तुमची नाही." आणि तो शोभना मॅडमच्या खोलीकडे धावला.

शोभना मॅडम पर्स खांद्याला अडकवून निघायच्या बेतात होत्या. "अर्ज? खलास, अर्ध्या तासापूर्वीच मेल केले. का रे?"

त्याने सांगितले. अडखळत, उलटसुलट क्रमाने, पण सगळे सांगितले. त्यांनी पर्स परत टेबलावर ठेवली.

"दुसरं पत्र लिही. लगेच. तुझी चूक झाली असं स्पष्ट लिही, मी सहीनिशी पाठवते. घेतील, इन्शाल्ला. सहा वाजेपर्यंत मुदत आहे." मग तनयाची नोंदवही त्याच्याकडे सरकवली. "आणि हे वाचलं होतंस का?"

गुरुवारच्या पानावर इंग्रजीत लिहिले होते. लायबाच्या वेलाला काळा दोरा आहे. मी सगळी पाने उलटून पाहिली, मला काही दिसले नाही. खैरुद्दीनचाचांचा फोन मागून सरांना दोनदा लावला, त्यांनी उचलला नाही. नोव्हेंबरात माझ्या तीन टोमॅटोंना दोरा होता तेव्हाही मला उपटायचे नव्हते, पण मी उपटले होते. हिचा सोडला तर ते फेअर होणार नाही. सरांनी सांगितलंय विचार करायचा नाही. म्हणून केला नाही. खाली भोपळ्याचे माप होते, सेंटिमीटरमध्ये, आणि त्यापुढे एक वाक्य: सॉरी, लायबा.

उझैरने फोन काढला. गुरुवार, चार वाजून दहा मिनिटे, अनोळखी क्रमांक, दोनदा. त्या वेळी तो शीतगृहात कोबीची खोकी उतरवून घेत होता.

पत्र सहाला सात मिनिटे असताना गेले. तिथून तो थेट पलीकडच्या इमारतीत तनयाच्या घरी गेला, आणि आयुष्यात प्रथमच मोठ्या माणसांसमोर त्याने न थांबता बोलून घेतले. विष्णूने पाणी पुढे केले. सुजाता हाताची घडी घालून ऐकत राहिली आणि शेवटी एवढेच म्हणाली, "हे पुढच्या शनिवारी त्या चौदा जणांसमोर सांगा." तनया आतल्या खोलीच्या दारात उभी होती.

"इट्स ओके, सर," ती म्हणाली, आणि दार लावून घेतले.

शिबिराची जागा तनयाला मिळाली. मंगळवारी तसे पत्र आले. शनिवारी उझैरने सगळ्यांसमोर सांगायचे ते सांगितले. नीरवने मान खाली घातली. लायबाने तनयाला दादीच्या डब्यातला लाडू दिला आणि दोघी एका जागी बसून खाऊ लागल्या. रोगासाठी त्याने आता निळा दोरा आणला होता. आईचे रीळ घरी परत गेले होते. ते डब्यात ठेवताना आईने त्याच्या दंडाकडे एकदा पाहिले होते.

अकराच्या सुमारास नवव्या वाफ्यातल्या वांग्यावर खरेच पिवळे चट्टे दिसले. उझैरने निळा दोरा बांधला. पाळी तनयाची होती. ती आली, गुडघ्यांवर बसली, पण झाडाला हात लावला नाही. आधी तिने आईचा फोन काढला. दोऱ्याचा फोटो घेतला, मग पानांचा, वरून आणि खालून. मग नोंदपुस्तक उघडून, तारीख आणि वेळ लिहून, ते पेनासह त्याच्यापुढे धरले.

"सर, प्लीज साइन."

त्याने सही केली. तिने पुस्तक स्वतःकडे वळवले, सही नीट वाचून पाहिली, आणि मगच झाड उपटायला घेतले.