हात खिशात

तियुर्माला वाटलं होतं, आज आपलं कौतुक होणार. का नाही होणार? तीन आठवडे तिने ब्रिंकमान बाईंना तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. पावाला लोणी लावायचं, वर मुरंबा पसरायचा, चार तुकडे करून एकेक तोंडाशी धरायचा, कॉफी ढवळायची, बुटांच्या नाड्या बांधायच्या. म्हणून डोर्टेने तिला कपडे बदलायच्या खोलीत गाठलं, तेव्हा ही बया आधीच लाजून हसायला लागली. डोर्टे म्हणजे या वृद्धाश्रमातली पंचवीस वर्षं मुरलेली परिचारिका, आणि तियुर्माच्या कामावर देखरेख करणारी.

"तियुर्मा, ब्रिंकमान बाईंनी शेवटची सुरी कधी धरली गं?"

"मी असताना त्यांनी सुरी कशाला धरायची?"

"अगं बाई माझे!" डोर्टेने कपाळावर हात मारला. "आल्या तेव्हा उजव्या हाताने पाव कापत होत्या. अर्धांगाचा झटका डाव्या हाताला आलाय, तोही थोडाथोडा टेकवत होत्या. आणि आता? कपसुद्धा उचलत नाहीत. त्या इथे राहायला आल्या नाहीत, बरं होऊन घरी जायला आल्यात. बावीस तारखेला मी आणि डॉक्टर बघायला बसणार. आपली न्याहारी आपण करता आली, तर घरी. नाहीतर घर सोडायचं आणि कायमचं इथेच."

तियुर्माचं तोंड एवढंसं झालं. "मग मी काय करू?"

"हात खिशात घाल."

"म्हणजे?"

"म्हणजे हेच. हात खिशात घालून सेवा करायची. आमच्या कामातला पहिला धडा आहे हा. तुमच्या विद्यापीठात शिकवत नाहीत का?"

शिकवत होते की! जर्मनीतल्या टेकडीवरचं ते चर्चचं विद्यापीठ पुस्तकापेक्षा हाताला काम शिकवण्यासाठीच तर होतं. पहिल्याच वर्षी तियुर्माने हे वाक्य वहीत उतरवून खाली लाल रेघ मारली होती. पण वहीतलं वहीत राहिलं. हातांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि हातही कुठले, तर सुमात्रातल्या तारुतुंगचे, बाताक जमातीच्या घरात वाढलेले. तिकडे आजी, म्हणजे ओप्पुंग, थकली की लेकी-सुना-नातवंडं सगळी जमतात, पाद्री प्रार्थना म्हणतात आणि एकेक जण तिला हळदीतल्या माशाचा घास भरवतो. तियुर्माने नऊ वर्षांची असताना भरवला होता आणि तो घास ओप्पुंगने किती सावकाश खाल्ला, हे तिला अजून आठवत होतं. अशा पोरीने खिशात हात घालून म्हाताऱ्या माणसाची फजिती बघत उभं राहायचं? आईला कळलं तर ती लाजेने चर्चमध्ये शेवटच्या बाकावर जाऊन बसेल!

पण बाईंचं घर जाणार होतं. आणि ते आपल्यामुळे. हा काटा तियुर्माच्या मनातून निघेना.

प्रत्यक्ष कामाच्या या सहामाहीत सोमवारी सगळे विद्यार्थी विद्यापीठात परत यायचे. वर्ग घेणारे श्टुम्फ सर स्वतः पाद्री, त्यामुळे आधी एक भजन व्हायचं आणि मग ज्याची त्याची गाऱ्हाणी. तियुर्माने आपलं गाऱ्हाणं मांडलं. मासा, ओप्पुंग, सगळं सांगितलं.

"थोडक्यात, तू बाईंना पार ऐतखाऊ करून ठेवलंस," माल्टे म्हणाला. हा पोरगा झीगेन गावचा, जिभेला हाड नाही.

"तू गप रे," सर म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "तियुर्मा, घास भरवून झाल्यावर पुढे काय होतं?"

"मग ओप्पुंग आमच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देते."

"असं. म्हणजे तुम्ही देता, आणि तीही देते. मग ब्रिंकमान बाई काय देतात तुला?"

तियुर्मा आठवू लागली. बाई काहीच देत नव्हत्या. देणार कुठून? तिने त्यांच्यासाठी करायला काही शिल्लक ठेवलं असेल तर ना!

मंगळवारी सकाळी तिने बाईंसमोर ताटली ठेवली, अख्खा पाव, सुरी, लोणी, मुरंबा, आणि छोटे खिळे ठोकलेली लाकडी फळी. पाव खिळ्यांत रोवला की घसरत नाही, एका हाताने कापता येतो. मग शेजारच्या बुटक्या स्टुलावर बसून तिने दोन्ही हात डगल्याच्या खिशात घातले.

ब्रिंकमान बाईंनी फळीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"हा पाव काय आपोआप कापला जाणारे?"

"तुम्ही कापायचा, बाई."

"संपावर गेलीस का?"

"हो."

"फुकट राबणाऱ्यांचा कसला आलाय संप!" बाईंनी ताटली ढकलून दिली.

त्या दिवशी बाई उपाशी राहिल्या, निदान दहा वाजता डोर्टेने सूप आणून देईपर्यंत तरी. बुधवारी तेच. गुरुवारी तर त्यांनी तियुर्माकडे पाठ फिरवून खिडकीकडे तोंड केलं. तियुर्माला राहवेना. तिचे हात खिशातल्या खिशात शिवशिवत होते.

"बाई, मी चुकले," ती म्हणाली. "मला वाटलं मी तुमची सेवा करतेय. मी तुमचं घर घालवायला निघाले होते. तुम्ही मला वाट्टेल ते बोला, पण पाव कापा."

बाई आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. चाळीस वर्षं त्यांनी फितीच्या कारखान्यात मागावर काढली होती. एका वेळी साठ साठ धागे सांभाळले होते त्या बोटांनी.

"माझ्या गच्चीतल्या फुलांना शेजारीण पाणी घालते," त्या अखेर म्हणाल्या. "जास्त घालते मेली. मुळं कुजवणार माझी." मग खुर्ची टेबलाकडे वळवली. "आणि हे लोणी आहे की दगड? उद्यापासून फ्रिजमधून आधी काढून ठेवत जा. तेवढ्यापुरते हात बाहेर काढलेस तरी चालेल."

त्या दिवशी अर्धा पाव झाला. पुढच्या आठवड्यात पाऊण. बाईंच्या शिव्याही वाढत गेल्या, आणि तियुर्माला त्या चक्क आवडायला लागल्या. जीभ चालतेय म्हणजे माणूस चालतंय, असं तिने आईला फोनवर सांगितलं. आई म्हणाली, "खायला तरी वेळेवर घाल गं त्या माउलीला!" आता आईला काय सांगणार, कप्पाळ!

बावीस तारीख उजाडली. डॉक्टर आणि डोर्टे दाराशी खुर्च्या टाकून बसले. तियुर्मा स्टुलावर, हात खिशात.

बाईंनी पाव फळीवर रोवला. कापला. लोणी लावलं. डाव्या हाताने बरणी धरली, ती घसरली, पुन्हा धरली. मुरंबा पसरला आणि पहिला अर्धा पाव उचलला तोच तो सुटून खाली पडला, नेमका मुरंब्याची बाजू जमिनीला! तियुर्मा अर्धवट उठली.

"बस खाली!" बाई कडाडल्या.

ती बसली. खिशात तिच्या मुठी इतक्या आवळल्या होत्या की नखं रुतली. बाईंनी दुसरा अर्धा घेतला. लोणी. बरणी. चमचा. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं.

"अर्धा तास झाला," ते म्हणाले.

"मग? मला काय गाडी गाठायचीये?" बाईंनी शांतपणे पावाचा तुकडा खाल्ला, वर कॉफीचा घोट घेतला. "लिहा तिथे. आणि माझ्या शेजारणीला फोन करून पाणी घालणं बंद करायला सांगा."

डोर्टेने हसत कागदावर सही केली. डॉक्टरांनीही केली. शुक्रवारी घरी. दोघं खुर्च्या उचलून निघून गेली. तियुर्माने सुस्कारा सोडला आणि पुसायचा कपडा आणायला उठणार, तेवढ्यात बाईंनी विचारलं, "तू खाल्लंस का गं काही?"

"नाही बाई, सहालाच आले."

"वाटलंच मला." बाईंनी उरलेल्या पावाचा तुकडा कापला. त्यावर पुन्हा थोडा मुरंबा लावला, जरा जास्तच लावला. "तोंड उघड."

तियुर्मा तो घ्यायला हात बाहेर काढू लागली.

"हात खिशात!"

तिने तोंड उघडलं. बाई खुर्चीतून पुढे वाकल्या, उजव्या हातात घास घेऊन, आणि वाकताना तोल जायला लागला म्हणून त्यांनी अधू डावा हात समोर दिसेल तिथे टेकवला. तो तियुर्माच्या डोक्यावर टेकला.

"हलू नकोस हं," बाई म्हणाल्या. "मी पडेन."

तियुर्माचे डोळे भरून आले, पण ती जराही हलली नाही. तोंडातला घासही तिने अगदी सावकाश चावला.